दुकान उघडायच्या आत

“दाजी, उतरा. पंक्चर आहे,” मेव्हणा म्हणाला आणि सुताराने कपाळाला हात लावला.

मागे टेम्पोत औषधांच्या दुकानाचा काउंटर जुन्या चादरींत गुंडाळून ठेवला होता. करार साधा होता. नवं दुकान उघडायच्या आत काउंटर जागेवर बसला पाहिजे. उशीर झाला, तर मालक दुसऱ्याचा घ्यायला मोकळा. वेळेत बसला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या दुकानांचं काम सुताराकडे. या कामावरच त्याची कार्यशाळा तगणार होती.

स्टेपनीतही हवा नव्हती. “कालच बघायला हवं होतं मी,” म्हणत मेव्हणा स्वतःलाच शिव्या घालत राहिला. बिचारा महिनाभर धावपळीतच होता. संध्याकाळ झाली की कार्यशाळेतलं काम टाकून आपल्या सासूबाईंच्या आजारपणासाठी पळायचा. सुताराने कधी हूं की चूं केलं नाही. गड्याच्या हातात कसब होतं. खोड एकच. स्वतः डावखुरा, म्हणून खणाची मूठही मधोमध न बसवता डावीकडे बसवायचा. “दुनिया काय डावखुऱ्यांची आहे का रे?” असं हसत हसत म्हणून सुतार ती काढून पुन्हा बसवायचा.

ते पोहोचले तेव्हा दुकान उघडलं होतं.

“वेळ टळली,” मालक म्हणाला. “दुसरा बसवला. ठरलं होतं तसंच.”

“इतक्यात?” सुताराचा आवाज चिरकला. “काउंटर काय झाडाला लागतात?”

मालकाने नजर चुकवली. मेव्हणाच पुढे सरसावला. “आमच्या दाजींच्या तोंडचा घास काढता? लाज नाही वाटत?” त्याने थेट मालकाची कॉलर धरली.

सुताराला भरून आलं. काम गेलं, पण आपलं माणूस पाठीशी उभं होतं. त्याने मेव्हण्याला मागे ओढलं.

“जाऊ दे रे. एकदा नुसता बघतो. आपलं काम कुणी नेलं ते तरी कळू दे.”

“कशाला जिवाला त्रास, दाजी? चला घरी,” मेव्हणा घाईने म्हणाला.

सुतार तरीही आत गेला. काउंटर देखणा होता. सांधे घट्ट, कडा गुळगुळीत. मनात नसतानाही त्याला कौतुक वाटलं. खण उघडून बघावा म्हणून त्याचा हात सवयीने मधोमध गेला आणि कोऱ्या फळीवर टेकला.

मूठ डावीकडे होती.