कात टाकताना

आजही ताट जसंच्या तसं होतं. चष्मेवाल्याने ते मुलीच्या दाराबाहेरून अलगद उचललं. वाटीला चमचासुद्धा लागू दिला नाही.

नवऱ्याचं घर सोडून मुलगी आली, त्याला आठवडा होत आला होता. आली तशी खोलीत गेली आणि दार लोटून बसली. तो आपल्या चष्म्यांच्या दुकानात गेला की पाण्याचा तांब्या तेवढा भरून न्यायची. चष्मेवाला घाबरला नाही. हे लक्षण त्याच्या ओळखीचं होतं.

बाहेरच्या खोलीत फळीवर त्याच्या बरण्या होत्या. प्रत्येकीत एकच प्रार्थनाकीटक. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. कात टाकायची वेळ आली की हा किडा अन्न सोडतो आणि झाकणाच्या जाळीला उलटा लटकून राहतो. अशा वेळी आतली माशी काढून घ्यायची आणि बरणीपासून लांब व्हायचं. एकदा चष्मेवाल्याला राहवलं नाही. त्याने काचेवर टिचकी मारली. किडा अर्ध्या कातीसकट खाली पडला, तो वाकड्या पायांनीच जगला.

म्हणून घरात आता रेडिओ बंद होता. दारावरची बेलही त्याने काढून ठेवली होती.

"अरे, दोन शब्द बोल तिच्याशी!" बहीण फोनवर ओरडली.

"हळू, ताई. अशा वेळी हात लावायचा नसतो. आपली आपण बाहेर येईल."

"पोरगी आहे ती, किडा नव्हे! अक्कल काय गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर फुकट देऊन टाकलीस?"

तो गालात हसला. ताईला बरण्यांतलं काय कळणार! त्याने अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. दुकानाची दुसरी खुर्ची पुसून ठेवली होती. मुलगी राहिली तर जेवताना बरण्यांशी बोलावं लागणार नव्हतं.

रविवारी सकाळी दार उघडलं. मुलगी बाहेर आली. चष्मेवाल्याला आधी फक्त तिचा चेहरा दिसला.

"आलीस!" तो लगबगीने उठला. "मी म्हणतच होतो. पण कडीचा आवाज कसा नाही आला गं? रोज कान लावून बसायचो."

मुलीने खांद्यावरची बॅग सावरली आणि खाली वाकून सँडलचा पट्टा लावला.

"कडी मी लावलीच नव्हती, बाबा."