जिन्याखालची खोली

"आत कोणी राहिलंय का?" कदमभाऊंनी बंबावरून उतरता उतरता विचारलं.

"नाही. घरातले सगळे बाहेर आहेत," बंगल्याचे मालक म्हणाले.

स्वराजने बाहेरच्या घोळक्यावर नजर फिरवली. त्याची आई सरुबाई त्यात नव्हती. भुशीच्या रस्त्यावरच्या या बंगल्यात ती धुणंभांडी करायची, हे अग्निशमन दलात कोणालाच ठाऊक नव्हतं. आई गावी, तिकोणा पेठेत शेती बघते, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वर्दी अंगावर चढली आणि त्याला तिच्या कामाची लाज वाटू लागली होती. "कुटं भेटलीस तर ओळख दावू नको, आई," तो एकदा म्हणाला होता. ती नुसतं हसली होती. "न्हाई दावत, बाबा."

माझी आई आत आहे, एवढंच आता म्हणायचं होतं. पण सगळे ऐकत होते.

"भाऊ, तरी एकदा बघून येतो," तो म्हणाला.

दलातला सत्यम जोडीला निघाला. तोंडाला मास्क, पाठीला हवेची टाकी. आत धूर असा की स्वतःचा हात दिसेना. भिंतीवरचा हात न सोडता दोघे सरपटत निघाले. सत्यमने वरच्या खोल्यांकडे खूण केली. दुपारची भांडी झाली की आई जिन्याखालच्या खोलीत पाठ टेकते, हे स्वराजला माहीत होतं. पण ते तुला कसं माहीत, असं सत्यमने विचारलं तर? तो मुकाट्याने जिना चढला.

वर कोणीच नव्हतं. परत फिरताना छताचा जळता तुकडा कोसळला आणि सत्यमच्या खांद्यावर आदळला. त्याला ओढत स्वराज कसाबसा खाली आला. सत्यमच्या टाकीची शिट्टी वाजू लागली. हवा संपत आली होती. सगळं आपल्यामुळे झालं, हे स्वराजला कळत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"तू बाहेर हो. जिन्याखाली एक बाई आहे."

"तुला काय माहीत?"

 स्वराज खोलीकडे धावला.

सरुबाई दाराच्या आतच पडली होती, तोंडावर पदर दाबून. त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि बाहेर आणून गवतावर निजवलं. कोणीतरी तिच्या नाकाला ऑक्सिजन लावला. पलीकडे सत्यमच्या खांद्यावर पाणी ओतत होते.

"अरे, ही तर आमची कामवाली," मालक म्हणाले. "लक्षातच आलं नाही."

कदमभाऊंनी स्वराजच्या पाठीवर थाप मारली. स्वराजने मास्क काढला आणि तिच्याजवळ गुडघे टेकले. आई, हा शब्द अगदी ओठावर आला होता.

तेवढ्यात सरुबाईने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग भोवती जमलेल्या वर्दीतल्या माणसांकडे पाहिलं. काळवंडलेले हात तिने हळूच जोडले.

"लय उपकार झालं, साहेब."