पंचाची सही

“आजोबा, ही स्वयंचलित बंदूक आरोपीच्या घरात सापडली, तेव्हा तुम्ही तिथे होतात का?” आरोपीच्या वकिलाने विचारले.

नव्हतो. हवालदाराने मला वाचनालयातून उठवून ठाण्यात नेले, चहा पाजला आणि तयार पंचनामा पुढे सरकवला. “तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाची सही असली की कोर्टात वजन पडतं, काका.” मला नाही म्हणता आले नाही. त्याच आठवड्यात मी वर्तमानपत्राला पत्र लिहिले होते, की अशा बंदुकीने माणसांवर गोळ्या झाडणाऱ्यांना दुप्पट शिक्षा हवी.

शपथेवर मात्र खोटे बोलवेना. “नाही,” मी म्हणालो.

निकालाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो. बंदुकीचे कलम टिकले नाही. वीस वर्षांऐवजी आरोपीला सातच झाली.

बाहेर पायऱ्या उतरताना माझा तोल गेला. कुणीतरी दंड धरला. याच खटल्यातल्या गोळीबारात एक पाय गमावलेल्या बँकेच्या पहारेकऱ्याची बायको होती. माझी साक्ष तिने समोर बसून ऐकली होती.

“सावकाश, काका. आमच्या ह्यांनाही असंच धरून उतरवते.”

मी तिच्या आधाराने खाली उतरलो. माफी मागायचेही मला जमले नाही.