दोनशे तीस

गेल्या धानात डुकरांसाठी मुखरूनं कुंपणात घरची दोनशे तीस व्होल्टची लाईन सोडली आणि तळ्यावरून मासोळ्या घेऊन येणारा सोमाजी तारेला चिकटून मेला. गावानं ते सापावर ढकललं. लाज कोणालाच नाही.

यंदा त्याच हलकटानं कुंपणाला बारा व्होल्टची बॅटरी आणली आणि इवलासा मीटर. मीटरची लाल-काळी वायर बॅटरीला जोडली. मोजायची पांढरी वायर अजून मोकळीच होती.

"हा दोनशे तीस दाखवून राह्यला!"

"घरची लाईन तं नाई ना सोडली जी?" कुंपणापलीकडून बायको, रंभा.

"नाई वं!" मुखरूनं सगळ्या वायरी उपटल्या. आकडा तसाच.

"मंग माहा हात," रंभा हळूच बोलली, "तारेवरून सुटून काऊन नाई राह्यला?"