प्रत्येक पिस्तुलात खोट

मर्लकाका बायकोला घेऊन माझ्या बंदुकीच्या दुकानात आले. शर्टाआड दडेल, घरी उशाशीही राहील असं पिस्तूल हवं होतं. "स्वयंपाकघरात कोणीतरी घुसतं, पोरा," काका म्हणाले. आमच्या ओक्लाहोमात एवढं कारण पुरतं. पण अर्लीनकाकूंनी जीव नकोसा केला. एक जड, दुसऱ्याचा खटका घट्ट, तिसऱ्याचा रंग म्हणे उदास. पिस्तूल घ्यायचं होतं की पडद्याचं कापड? शेवटचं काकांच्या मुठीत चपखल बसलं. "याला वास येतोय," काकू म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. "काकू, बंदुकीला तेलाचाच वास येणार. अत्तर लावून देऊ का?" काकूंनी मान खाली घातली. काका माझ्या कानाशी वाकले. "पोरा, हिच्या नादी लागू नकोस. आमच्या स्वयंपाकघरात घुसते ती बाई हीच. कोण आहे, कुठून येते, देव जाणे." मी त्यांच्या हातातलं पिस्तूल हळूच काढून घेतलं. "काकूंचं बरोबर आहे, काका. यातही खोट आहे."