पाठीमागचा हात

“नीलू, एक हात पाठीशी ठेवत जा बाबू. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट बसून राहते. आधी तार लावून तो सोडायचा.” दादाचे हे शब्द तीस वर्षांपूर्वीचे. त्याच आठवड्यात टीव्ही दुरुस्त करताना दादा गेला. घाईत तोच करंट सोडायला विसरला, असं घरात सगळे अजून मानतात.

तेव्हापासून गोहलपुरच्या दुकानात नीलकंठ जुना टीव्ही उघडायचा, डावा हात पाठीशी न्यायचा, आणि कुणीतरी तो हातात घ्यायचं. खरखरीत तळवा, अंगठ्यावर चटक्याचा जुना वण. वळून पाहिलं तर कुणी नसायचं. आधी तो घाबरायचा. आता नुसता थकला होता.

आज हेमलतावहिनी रिक्षातून दादाचा टीव्ही घेऊन आल्या. “चिन्मयी म्हणते, फेक आई. यांनी आणलेला कसा फेकू, भाऊजी?”

“तुमच्यासारखाच चिवट आहे तो, वहिनी.”

मागे कुणाला जागाच उरू नये म्हणून नीलकंठ भिंतीला टेकून बसला. झाकण काढलं. डावा हात पाठीमागे सरकवला. तिथे तळवा आधीच वाट पाहत होता.

“करंट सोडला काय, भाऊजी? हे असते तर आधी तेच विचारलं असतं.”

सवयीने त्याच्या ओठांवर ‘हो’ आलं. पकड घट्ट झाली. मग, तीस वर्षांत पहिल्यांदाच, दुसरा हातही आला.

“वहिनी,” नीलकंठ म्हणाला, “त्या दिवशी दादाने मला हेच विचारलं होतं. मी सोडला नव्हता. अन् हो म्हणालो.”