ढोलात गिळलेलं नाव

जतकडच्या माळावर बिरोबाची जत्रा भरली की पुजारी बिराप्पा सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घाली. पाटील, सरपंच, सभापती, आमदार, एकेकाचं नाव घ्यायचं, देवावर चिमूटभर भंडारा उधळायचा आणि जमलेल्यांनी चांगभलं म्हणायचं, ही पिढीजात रीत. पंच्याण्णव साली मात्र बिराप्पा ज्याच्या प्रचाराला उन्हातान्हात हिंडला तो पडला आणि सुबराव आमदार झाले. जत्रेत त्यांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बिराप्पाने नुसते ओठ हलवले. ढोलांच्या दणक्यात ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी सुबरावांची जीप ओढ्यावरच्या पुलावरून खाली गेली. पुढच्या महिन्यात ते प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून, नारळ घेऊन देवळात आले.

"पुजारी, जीपचा पार चेंदामेंदा झाला, पर मी वाचलो. जत्रंत तुमी माझं नाव घेतलं, त्याचीच पुण्याई."

बिराप्पाने त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, पण त्याला मान काही वर करवेना. ते गेल्यावर तो बायकोजवळ मटकन बसला.

"धोंडे, म्या त्यांचं नाव घेतलंच न्हवतं गं. देवाम्होरं बी डोस्क्यात मतपेटीच व्हती."

धोंडुबाईने समईची वात सारखी केली.

"ठावं हाय. दिवा धरून तुमच्या मागं मीच हुबी व्हते न्हवं? तुमी गिळलं, म्हणून म्या घेतलं."

मग समईत तेल ओतत ती म्हणाली,

"मत म्या बी त्यास्नी न्हवतं दिलं."